आधी ऐकलेला कस्तूर

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावरून परतताना मी वाट वाकडी करून सावईवेऱ्याला मामाकडे गेले. अडीच तासांत साडेतीनशेच्या वर फोटो काढले होते आणि ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडणार नव्हते. सोप्यावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक पक्षी मामासमोर धरला. अडई, जांभळी पाणकोंबडी, पानांवरून चालणारा कमळपक्षी, टोकदार शेपटीचा तलवार बदक. मामा चष्मा नाकावर सरकवून शांतपणे बघत होता. सगळे बघून झाल्यावर त्याने विचारले, "बरें जालें. पूण आयकलें कितें?"

मला उत्तर देता येईना. सकाळचे अडीच तास मी आठवून पाहिले. कोकण रेल्वेची एक गाडी करमळी स्थानकात शिरली, तेवढा आवाज आठवला. अडई हा शीळ घालणारा बदक. थवा उडाला की ती घोगरी, दोन सुरांची शीळ तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरते. माझ्या कॅमेऱ्यात उडणाऱ्या अडयांचे चाळीसेक फोटो होते आणि शीळ एकही आठवत नव्हती.

मामाची पोफळींची बाग आहे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत कुळागर. पोफळी, माड, मिरवेली, जायफळ, केळी आणि मधून वाहणारा पाट. पक्ष्यांची पुस्तकातली नावे त्याला ठाऊक नाहीत. पण सोप्यावर बसल्या बसल्या कोणता पक्षी कुठल्या झाडावर आहे ते तो सांगतो. शिवाय गावच्या आरतीत तो घुमट वाजवतो. त्या दिवशी निघताना तो म्हणाला, "म्हयनोभर तो कॅमेरो घरा दवर. पयलीं आयक, मागीर पळय." म्हणजे महिनाभर कॅमेरा घरी ठेव, आधी ऐक, मग बघ.

मी फोंड्यात एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर खतावण्या आणि हप्ते. पक्षी, फोटो आणि गाणे ही माझी खरी मिळकत, असे मी मानते. दहावीपर्यंत पेटी शिकले, पुढे ती सुटली, पण बैठक ऐकायला जाणे सुटले नाही. कॅमेरा दोन वर्षांपूर्वी जुना घेतला, ७०-३०० ची, म्हणजे लांबचे जवळ आणणारी लेन्स त्याच्यासोबतच मिळाली. मात्र या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मला तोवर कधी वाटले नव्हते. सकाळ पक्ष्यांची, संध्याकाळ गाण्याची, आणि गळ्यात कॅमेरा दोन्हीकडे.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला कॅमेरा कपाटात ठेवला आणि एक दोनशे पानी वही काढली. रोज सकाळी सहा ते सहा वीस गच्चीवर बसायचे, डोळे मिटायचे आणि ऐकू येईल ते नंतर लिहायचे, एवढाच नेम. पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे: कोंबडा, कावळे, देवळाची घंटा, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, स्कूटर, आणि एक "टुक टुक टुक". पक्षी म्हणावेत असे तीनच, त्यातल्या एकाचे नाव माहीत नाही.

तो टुकटुक करणारा तांबट होता. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून हे नाव. आठवडाभर मी त्याच्यामागेच लागले. घड्याळ लावून मोजले, तर एका मिनिटात ११२ ठोके. दुसऱ्या दिवशी ११०. मग ११६. एकदा सुरू झाला की दमत नाही आणि लय ढळू देत नाही. पेटी गच्चीवर नेऊन त्याचा स्वर शोधला; एकच स्वर धरून बसतो. लयकारीसाठी नावाजलेल्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात एवढासा पक्षी रोज सकाळी इतकी चोख लय धरतो आणि आपण त्याकडे पाठ करून चहा पितो, याचे मला खरोखर वाईट वाटले. सुरुवात तो दबक्या आवाजात करतो आणि हळूहळू पूर्ण आवाजाला येतो. हे मला पंधराव्या दिवशी कळले, कारण तोवर माझे लक्ष आवाज मोठा झाल्यावरच जायचे.

आवाज वहीत उतरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. सरगमीत लिहायला गेले तर जमेना. पक्षी आपल्या बारा स्वरांवर येऊन थांबत नाहीत, ते मधल्या फटींतून जातात. शेवटी रेघा ओढायला लागले. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली, तुटक असेल तर ठिपके, घोगरा असेल तर जाड रेघ, आणि बाजूला मला जे शब्द ऐकू आले ते. भारद्वाजाची खोल "ऊप ऊप ऊप" म्हणजे पानाच्या तळाशी जाड ठिपक्यांची रांग. कुटुर्ग्याची करवतीसारखी वर-खाली होणारी ओळ. कोकिळाची चढत जाणारी पायरी. पुढे एप्रिलमध्ये पावशा आला, तेव्हा त्याचे "पेरते व्हा" या रेघांत असे उतरले की शेजारची सातवीतली मुलगी ते पान पाहून नुसत्या रेघांवरून गुणगुणली आणि पावशाच निघाला. ते पान मी आजही जपून ठेवले आहे.

याच दिवसांत एका बैठकीत माझ्याकडून चूक झाली. देवळाच्या सभामंडपात गाणे होते, फोटो काढायला मला आयोजकांनीच सांगितले होते, म्हणून कॅमेरा त्या संध्याकाळपुरता कपाटाबाहेर निघाला. विलंबित आलाप सुरू होता आणि माझ्या शटरचा आवाज सगळ्या मंडपात वाजत होता. शेजारच्या वयस्क बाईंनी लेन्सवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाय, मात्शी राव." जरा थांब. मला लाज वाटली. आलापात गायिका दोन स्वरांच्या मध्ये जी शांतता ठेवत होती, ती मी तोडत होते. दोन महिने गच्चीवर कान तयार करत असूनही हातात कॅमेरा आल्याबरोबर कान बंद झाले होते.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसती ऐकत बसले. मग द्रुत तीनताल सुरू झाला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सोळा मात्रांचे आवर्तन फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येते, तेव्हा गाणारी, तबलेवाला, पेटीवाला, पुढच्या रांगेतले श्रोते, सगळ्यांच्या माना एकदम झुकतात. तो क्षण आधीच कळतो. बोट तयार ठेवायचे आणि समेला एकदाच दाबायचे. तबल्याच्या थापेत शटरचा आवाज विरून जातो. त्या रात्री मी नऊ फोटो काढले. त्यातले पाच चांगले आले. करमळीच्या साडेतीनशेंत पाच नव्हते.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस असतात. जगभर लोक आपापल्या परिसरातले पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतात. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबायचे, ओळखलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या लिहायची. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दर वर्षी यात भाग घेतात, त्यांच्याबरोबर मी मामाच्या कुळागरात गेले. मी विचारले, "सर, दिसला नाही, फक्त ऐकला, तर लिहायचा का?" ते म्हणाले, "खात्री असेल तर जरूर लिहायचा. ऐकलेला पक्षीही तिथे होताच ना." त्या दिवशीच्या आमच्या यादीत २३ पक्षी होते, त्यातले ११ निव्वळ कानाने ओळखलेले. त्या अकरांपैकी सात मी आधी सांगितले होते. सर काही बोलले नाहीत, फक्त आठव्यापासून माझ्याकडे बघून थांबायला लागले.

परतताना केरीवरून आलो. केरी हे गायिका सूरश्री केसरबाई केरकरांचे गाव. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. हे गोव्यात पुष्कळांना माहीत असते. पण त्याच तबकडीवर पृथ्वीवरचे आवाज म्हणून पक्ष्यांची किलबिलही आहे, आणि शंभरावर छायाचित्रेही आहेत, हे सरांनी गाडीत सांगितले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत गप्प झाले. गाणे, पक्षी आणि फोटो. व्हॉयेजर १ निघाले ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, अवघ्या अकरा दिवसांनी. आमच्या शेजारच्या गावातला आवाज पक्ष्यांच्या सोबतीने अजून चाललाच आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन भैरवी लावली आणि दिवे न लावता ऐकली.

चोडणच्या सलीम अली अभयारण्यात मी दोनदा गेले, रायबंदरहून फेरीने. खारफुटीत गळपट्टी खंड्या ऐकून शोधला, छान दिसला. त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की भरती-ओहोटीची वेळ बघून जावे. आम्ही पहिल्यांदा न बघता गेलो आणि होडी निघालीच नाही.

बोंडल्याच्या अभयारण्यात मात्र फजिती झाली आणि ती मला फार शिकवून गेली. मार्च संपत आला होता. रस्त्याच्या वळणावर सर्पगरुडाची आर्त शीळ ऐकू आली. मी हात वर करून सगळ्यांना थांबवले. आकाशात काही नाही. पुन्हा तीच शीळ, आणि यावेळी अगदी डोक्यावरच्या किंदळाच्या फांदीतून. पाच मिनिटे माना मोडून बघितल्यावर दिसला तो भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसांच्या पताका लावलेला. तो दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. शिकारी पक्ष्याचा आवाज काढला की बाकीचे दचकतात, आणि कधी कधी त्यांच्या तोंडचा किडा याला मिळतो. सर म्हणाले, "आवाज बरोबर ओळखलात, आता आवाज कोण काढतोय तेही ऐका." मी त्यानंतर तासभर त्याच्याखाली उभी राहिले. अस्सल सर्पगरुडाची शीळ लांबते, उघड्या आकाशात पसरते. भृंगराजाची नक्कल बरोबर असते, पण मधेच एखादी त्याची स्वतःची धातूसारखी किणकिण निसटते. घराण्याची गायकी उचललेल्या विद्यार्थ्याच्या तानेत त्याचा मूळचा गळा डोकावतो, तसे काहीसे.

आणि मग जून.

शीळकरी कस्तुराबद्दल मी वाचले होते. पश्चिम घाटातल्या ओढ्यांकाठचा, काळसर निळा, मैनेपेक्षा थोडा मोठा. माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा गातो, म्हणून इंग्रजीत त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणतात. पावसाळा हा त्याचा विणीचा हंगाम. मामा म्हणायचा, "तो येता. व्हाळार फांत्यापारार गाता." म्हणजे ओढ्यावर पहाटे गातो. मग शनिवारी रात्री मी मामाकडे मुक्कामाला जाऊ लागले.

पहिल्या रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी मामाने हाक मारली. बाहेर मिट्ट काळोख, पाऊस नुकताच थांबलेला, पोफळींवरून थेंब गळत होते. पाटाच्या वरच्या अंगाने शीळ आली. एक लांब सूर, मग खाली घसरून दोन छोटे, मग थांबणे. एवढे थांबणे की वाटावे संपले. मग पुन्हा, पण वेगळ्या ठिकाणाहून सुरू केलेले. कुणीतरी आठवत आठवत चाल शोधत जावी तसे. मी वही उघडलीच नाही. अंधारात लिहिता आले नसते म्हणून नव्हे. मला एकही सूर हुकवायचा नव्हता. वीस-पंचवीस मिनिटे तो गात होता. उजाडले तसा गप्प झाला. दिसला मात्र नाही.

दुसऱ्या रविवारीही तसेच. तिसऱ्या रविवारी माझा धीर सुटत चालला. मोबाइलमध्ये त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण होते. ते लावले की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो बाहेर येतो, समोरच्या दगडावर बसतो, आणि फोटो मिळतो. हे मी लोकांना करताना पाहिले होते. मोबाइल काढून हातात धरला सुद्धा. मग मनात आले की याची मादी कुठेतरी धबधब्यामागच्या कपारीत अंड्यांवर बसली असेल, आणि हा मात्र नसलेल्या शत्रूला हाकलायला पाटाकाठी येरझारा घालणार. माझ्या एका फोटोसाठी. मी मोबाइल खिशात ठेवला. मामा ते बघत होता की नाही मला माहीत नाही. त्याने नंतर चहा आणून दिला तो नेहमीपेक्षा जास्त गोड होता.

चौथ्या रविवारी तो आला. मी पाटाच्या कडेला एका जायफळाखाली बसले होते, उजाडून दहा मिनिटे झाली असतील. आवाज थांबला आणि समोरच्या ओल्या दगडावर काळोखाचा एक तुकडा उतरला. त्याने पाण्याच्या कडेचे एक पान उलटले, खालून बारकी कुर्ली, म्हणजे खेकडा, उचलली, दगडावर दोनदा आपटली. मान वळवली तेव्हा कपाळावरचा आणि खांद्यावरचा निळा चमकला, मोरपिसाच्या डोळ्यातला गडद निळा असतो तसा, क्षणभरच. मी कॅमेरा उचलला. उजेड इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० ठेवूनही शटरचा वेग एक चाळिसांश सेकंदाच्या वर जाईना. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला हातात धरून निदान एक तीनशेंश सेकंद तरी हवा. चार फोटो काढले, चारही हलले. एकात दगड स्पष्ट आहे, पाणी स्पष्ट आहे आणि पक्ष्याच्या जागी निळसर काळा ओघळ आहे. बाकीचे तीन पुसले, हा ठेवला.

जुलैत लेन्सला बुरशी लागली. उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. गोव्याच्या पावसात कपड्यांच्या कपाटात लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रणच, पण ते मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. पणजीत दुरुस्तीला दिली. साफ होऊन आली, तरी काचेवरच्या थरावर एक फिकट डाग कायमचा राहिला. आता घट्ट झाकणाचा डबा आहे, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवते. केशरी दाणे हिरवे पडले की स्वयंपाकातून बाद केलेल्या जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर वाळवते. ज्यांचा कॅमेरा या घडीला कपाटात आहे त्यांनी आजच उठून तो बाहेर काढावा, अशी मनापासून विनंती.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मामाकडे गेले तेव्हा लेन्स नुकतीच हातात आली होती. माटोळी बांधून झाली होती, सुपारीचे घोस, कवंडळे, रानातली फळे गणपतीच्या डोक्यावर लटकत होती. संध्याकाळी आरतीला गावचे लोक जमले. चार घुमट, काठ्यांनी वाजवायचे एक शामेळ, आणि कासाळीं म्हणजे झांजा. घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. मातीचे मडके, एका तोंडावर ताणलेले कातडे, दुसरे तोंड उघडे. उजव्या हाताने थाप आणि डाव्या हाताच्या तळव्याने मागचे तोंड कमी-जास्त झाकून आवाज घुमवायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आता बोकडाचे लावतात. मामाने जुना आवाज ऐकलेला आहे. मी विचारले, फरक वाटतो का? म्हणाला, "वाटता. पूण ताका जगूंक मेळटा न्ही." म्हणजे पण तिला जगायला मिळते ना. आणि बोटांनी कातड्याचा काठ चाचपत राहिला.

खोलीत एलईडीचे दिवे होते. अशा उजेडात शटर फार वेगाने उघडले तर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मी एक पन्नासांश सेकंद ठेवला. फ्लॅश नाही. या वेगाला चेहरे स्पष्ट येतात आणि वाजवणारे हात विरघळतात. मला तेच हवे होते. आरती चढत गेली, लय वाढली, कासाळ्यांनी कान भरून गेले. मी शामेळवाल्याच्या काठ्या ऐकत होते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एकदा बटण दाबत होते.

एक आरती संपली. पुढची कोणती यावर बोलणे चालले होते. बाहेर पाऊस थांबला होता. कुणी पाणी पीत होते, शामेळवाला काठ्यांनी हलका ठेका धरून होता, कासाळीं पुसली जात होती. तेवढ्यात घराच्या मागून, पाटाच्या बाजूने, संधिप्रकाशात एक लांब सूर आला आणि खाली घसरला.

मी मामाकडे पाहिले आणि बटण दाबले.

तो फोटो मी छापून त्याच्या सोप्यावर लावला आहे. शामेळाच्या काठ्या धुरासारख्या दिसतात. पाण्याचा तांब्या पुढे करणारा हात पुसट आहे. कासाळीं म्हणजे दोन पिवळे ओघळ. लेन्सवरच्या डागामुळे वरच्या कोपऱ्यात दिव्याभोवती हलके धुके आलेय. आणि मधोमध मामाचा उजवा हात घुमटाच्या कातड्यावर वीतभर उंच थांबलेला आहे, इतका स्थिर की तळव्यावरच्या रेषा मोजता येतात.